साधं क्रूझ की एडास? सोलापूरकरांनी गाडी घेताना काय बघावं

साधं क्रूझ कंट्रोल असलेलं मॉडेल घ्यावं, की जास्तीचे पैसे मोजून लेव्हल २ एडासचं, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचं? माझं मत सांगतो: हायवेवर सतत जाणं असेल तर एडास घ्या, पण गाडी चालकावर लक्ष कसं ठेवते ते पाहूनच. फिरणं नवी पेठ ते सात रस्ता एवढंच असेल तर पैसे वाचवा.

साध्या क्रूझमध्ये गाडी फक्त वेग धरून ठेवते. स्टिअरिंग तुमच्या हातात, त्यामुळे लक्षही रस्त्यावर राहतं. लेव्हल २ मध्ये पुढच्या वाहनापासूनचं अंतर आणि लेन, दोन्ही गाडी सांभाळते; जबाबदारी मात्र पूर्ण तुमचीच. गोची इथेच आहे. काही न करता नुसतं पाहत बसलं की माणसाचं लक्ष अर्ध्या तासातच ढळू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं.

आता उसाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. रात्री मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी ट्रॉली कडेला उभी असते. थांबलेलं वाहन वेगात हमखास ओळखेलच अशी हमी एडास देत नाही. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. मोबाइलवरून नजर उचलून ब्रेक दाबेपर्यंत तीन सेकंद गेले, तर ८४ मीटर संपले. लेव्हल ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतःच चालते; त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमात ताबा परत घ्यायला निदान १० सेकंद दिलेत. लेव्हल २ मध्ये तशी मुदतच नाही. डायव्हर्जनला पट्टे दिसेनासे झाले की लेनची मदत तिथल्या तिथे सुटते.

म्हणून खरी तुलना दोन एडासमध्ये करा. काही गाड्या फक्त स्टिअरिंगवरचा हाताचा जोर तपासतात. एक हात चाकावर आणि नजर व्हॉट्सअ‍ॅपवर असली तरी त्यांना चालतं. चालकाकडे रोखलेला इन्फ्रारेड कॅमेरा नजर आणि मान कुठे वळली ते अंधारातही टिपतो. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत टेस्लाला सुमारे २० लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला, तो चालकाचं लक्ष टिकवण्याची व्यवस्था अपुरी ठरल्यामुळेच. कॅमेऱ्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं लागलं तरी मी तेच घेईन.

टेस्ट ड्राइव्हला पट्टे पुसलेल्या रस्त्यावरही गाडी न्या. मदत सुटताना ठणठणीत आवाज होतो, की नुसती हिरवी खूण गुपचूप मावळते? दुसरा प्रकार असेल तर ती गाडी नको. कोजागरीला तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची रीघ असते, तेव्हा लेन असिस्ट आणि क्रूझ दोन्ही बंद ठेवा. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र कधीच बंद करू नका.