ट्रेसमॅलॉक: काही महिने वापरल्यानंतर

इंदूरच्या आमच्या मराठी वाचनालयाची ग्रंथसूची एका साध्या पायथन स्क्रिप्टवर चालते. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) वाचायची, लेखकवार याद्या काढायच्या, एवढंच काम. तरी ४ जीबीचा पीसी त्यात आचके द्यायचा. कोषाध्यक्ष काका तर नव्या रॅमचं कोटेशनही घेऊन आले होते.

मेमरी कुठे जाते ते शोधायला ट्रेसमॅलॉक हे पायथनचं साधन वापरलं. ते वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही, २०१४ च्या पायथन ३.४ पासून ते सोबतच येतं. स्क्रिप्टमध्ये दोन ठिकाणी स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या मेमरीची नोंद) घ्या, तुलना करा, कोणत्या ओळीने किती मेमरी धरली ते दिसतं. मात्र नुसतं सुरू केलं तर ते प्रत्यक्ष मेमरी घेणारी शेवटची एकच ओळ लक्षात ठेवतं, तिला कुणी बोलावलं ते नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळा ठपका पायथनच्या स्वतःच्याच सीएसव्ही मॉड्यूलवर आला! सुरू करतानाच १० फ्रेम (बोलावणाऱ्या ओळींच्या साखळीतल्या पायऱ्या) मागितल्या, तेव्हा खरी ओळ सापडली: डिक्टरीडरचं (सीएसव्ही मॉड्यूलमधला नोंदी वाचणारा भाग) सगळं एकदम लिस्टमध्ये ओतणारी. पुस्तकागणिक एक डिक्शनरी (रकान्याचं नाव आणि त्यातला मजकूर अशा जोड्या), तीत न लागणारे रकानेसुद्धा. आता एकेक नोंद वाचून नाव, लेखक आणि दाखल क्रमांक तेवढे ठेवतो. रॅम घ्यावी लागली नाही.

माप सांगणाऱ्या पायथनच्या गेटसाइझऑफ फंक्शनवर विसंबू नका. लिस्टचं माप विचारलं तर ते आतल्या मजकुराचं सांगतच नाही, फक्त त्याकडे बोट दाखवणाऱ्या ८-८ बाइटच्या पॉइंटरांचं सांगतं.

देवनागरीवाल्यांसाठी एक गंमत. यूटीएफ-८ फाइलमध्ये आपलं अक्षर ३ बाइट खातं (काना, मात्रा वेगळे मोजायचे), पायथनच्या स्ट्रिंगमध्ये २. पण स्ट्रिंगमध्ये 😀 सारखा एक इमोजी शिरला की तिच्यातलं प्रत्येक अक्षर ४ बाइटचं होतं. म्हणजे अख्खी फाइल एका रीडमध्ये उचलली आणि शेऱ्याच्या रकान्यात कुणी हसरा चेहरा टाकलेला असला, तर मेमरीतला मजकूर दुप्पट!

तक्रारीही आहेत. ते चालू असताना स्क्रिप्ट रेंगाळते, आणि ते स्वतःही मेमरी खातं. फ्रेम वाढवाल तितकी जास्त. रोजच्या वापरात बंदच ठेवा. सी भाषेत लिहिलेल्या लायब्ररीने परस्पर घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. शिवाय सोडलेली मेमरी पायथन लगेच विंडोजला परत देईलच असं नाही, म्हणून टास्क मॅनेजरच्या आकड्याशी मेळ बसवत बसू नका. सी लायब्ररींच्या बाबतीत मेमरे हे दुसरं साधन सरस, पण ते लिनक्स आणि मॅकवरच चालतं, आणि वाचनालयात विंडोज आहे.