आर वन फाइव्हचं हँडल उचलावं, गादी बदलावी, की गाडीच?

भाचा रोज सातारा-कराड करतो, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, आणि तेही यामाहाच्या आर वन फाइव्हवर, व्हर्जन ३. परवा मनगट चोळत घरी आला. "मामा, हँडल वर घेतो. सगळे घेतात." मी एकच विचारलं, जास्त कुठं दुखतं, हायवेला की पोवई नाक्यावर?

नाक्यावर, म्हणाला. तसंच होणार. हँडल खाली, फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) मागं, गुडघे दुमडलेले, अशी ही बैठक वेगासाठी आखलेली आहे. हायवेला समोरचा वारा छातीला टेकू देतो, हातावरचा भार हलका होतो. नाक्यावरच्या गर्दीत तो टेकू नसतो, मग धडाचं ओझं तळहातावर येतं. कासवरून यवतेश्वर घाट उतरताना तर दर ब्रेकला माणूस टाकीवर घसरतो. गुडघ्यांनी टाकी आवळून धरली की निम्मा त्रास तिथंच कमी होतो. त्यात क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून हाताच्या रेषेत आणायचे. दोन्ही फुकट, त्यामुळे कोणी सांगत नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर हँडलचे दोन मार्ग. पहिला, आहे तेच क्लिप-ऑन (दोन तुकड्यांचं मूळ हँडल) थोडं वर आणि मागं आणणारे ब्रॅकेट. इंचभर फरक पडतो, केबल बहुतेक वेळा पुरतात, आवडलं नाही तर तासाभरात गाडी जशीच्या तशी. दुसरा मार्ग म्हणजे यामाहाच्याच एमटी-१५सारखं सरळ हँडल, वरच्या टीसकट, म्हणजे पुढच्या शॉकअपचे दांडे वरून धरणाऱ्या पट्टीसकट. पाठ खरोखर सरळ होते, गर्दीत गाडी वळवायला हलकी लागते. पण हे काम अर्धवट झालं तर धोक्याचं आहे. पुढच्या ब्रेकचा पाइप लांब लागतो, तो बदलला की ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं आलं. वळवताना हँडल फेअरिंगला (पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासू शकतं. टी घेताना आणखी एक भानगड: आर वन फाइव्ह व्ही ४ आणि एमटी-१५ व्ही २ यांना उलटे फोर्क आहेत, म्हणजे ते पुढचे दांडे जाड बाजू वर करून बसवलेले, व्ही ३ आणि जुन्या एमटीला साधे. नुसतं 'एमटीची टी' म्हणून मागवली की पैसे पाण्यात.

काम झाल्यावर गॅरेजमध्येच एक परीक्षा घ्या. गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आरपीएम आपोआप चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. ती गाडी बाहेर काढायची नाही, मेकॅनिक कितीही 'बसेल सेट' म्हणाला तरी.

गादीकडं पोरं बघतच नाहीत, कारण ती फोटोत दिसत नाही. माझं मत मात्र आधी गादी. मूळ सीट पुढं उतरती आहे; फोम नव्यानं कापून तो उतार मोडला की माणूस टाकीवर घसरत नाही आणि हातावरचं वजन आपोआप मागं जातं. सीट कव्हरवाल्याकडं एका दिवसात काम होतं. फक्त पाय टेकावेत म्हणून फोम कमी करून घेऊ नका. मूळ उंची ८१५ मिमी; ती उतरवली की गुडघे आणखी दुमडतात आणि मनगटाचं दुखणं गुडघ्यात जातं. वरून चिकटवायचे जेल पॅड उन्हात तापतात, त्यापेक्षा फोम बरा.

फूटपेग खाली घेण्याचा नाद करू नका. घाटात गाडी झुकली की ते रस्त्याला टेकतात.

अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाकडं तीन चाकांची कॅन-ॲम स्पायडर आहे, पुढं दोन चाकं, मागं एक. तिथं गणित उलटं. ती गाडी वळणावर झुकत नाही, अंग बाहेर फेकलं जातं आणि माणूस हँडलला धरून राहतो. म्हणून त्यानं आधी हँडल मागं ओढून घेतलं, गादी नंतर. आपल्याकडं तीन चाकी म्हणजे रिक्षा, पण दुखणं एकच.

राहिली गाडी बदलण्याची गोष्ट. एमटी-१५ला इंजिन त्याच १५५ सीसी घराण्यातलं, सीट फक्त पाच मिमी खाली. म्हणजे आरामाचा खरा फरक हँडल आणि पेगच्या जागेचा. पण फेअरिंग नाही, त्यामुळे कराडपर्यंतचा वारा छातीवर. रोजची फेरी साताऱ्यातल्या साताऱ्यात असेल तर मी एमटीच घेईन. सरळ हँडलचा पूर्ण खर्च, वर गाडी विकताना 'मूळ पार्ट कुठंय' म्हणून पडणारा भाव, हे सगळं धरलं तर अदलाबदल फार महाग पडत नाही. फक्त मागं बसणाऱ्याची तक्रार असेल तर २०२१च्या आर वन फाइव्ह एसला सलग सीट आहे, तीही बघा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल चालत नाहीत. हँडल-गादी त्या नोंदींत नसतात, तरी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवावं.

भाच्यानं गादी करून घेतली आणि लिव्हर फिरवले. ब्रॅकेट मागवलेत, पण अजून लावले नाहीत; दिवाळीपर्यंत असंच चालवून बघतो म्हणतो.