बीपीएमएन आठ महिने वापरलं, देवगडात, आंब्याच्या धंद्यासाठी

देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्यासाठी ऑर्डरचं सॉफ्टवेअर करतोय, गेले ८ महिने सगळा प्रोसेस बीपीएमएन २.० मध्ये (कामाच्या पायऱ्या चित्रात मांडायची ठरलेली चिन्हं) काढून तीच फाइल इंजिनवर, म्हणजे ते चित्र वाचून काम पुढे ढकलणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवतोय. चित्र वेगळं नि कोड वेगळा असं नाही, फाइल आतून एक्सएमएल, इंजिन तीच वाचतं. स्टँडर्ड २०११ चं, २०१३ ला आयएसओ पण झालं, त्यामुळे एका टूलमधलं चित्र दुसऱ्यात उघडतं. इंजिनची खास सेटिंगं नाही येत बरोबर, ते धरूनच चाला.

सुरवातीला मी शहाणपणा करून पॅकिंगच्या आधी 'क्वालिटी चेक'चा डायमंड (वाट फुटते तिथलं चिन्ह, त्यालाच गेटवे म्हणतात) टाकलेला, पास तर पेटी भरा, नाहीतर बाजूला. प्रिंट घेऊन शेडमध्ये गेलो तर मुकादम काकांनी पेंढा झटकून त्यावर बोट ठेवलं, "साको भायरसून दिसता काय रे? आणि परत इलेली पेटी खंय जाता ह्येच्यात?" खरंच की! साका, म्हणजे आंब्याच्या आतला गर खराब होणं, फळ कापल्याशिवाय कळतच नाही, बोंब येते ती गिऱ्हाइकाकडून. मग साक्यासाठीचा तो डायमंड उडवला आणि डिलिव्हरीनंतर वाट बघणारा गेटवे लावला, तक्रार आली तर बदली पेटी, ८ दिवस शांतता तर ऑर्डर बंद. हे जावाच्या कोडमध्ये पुरलेलं असतं तर काकांना जन्मात दिसलं नसतं, माझ्या मते एवढ्यासाठीच हे वापरावं.

आता माझी माती. रोख की उधारी याला एक्सओआर (अनेक वाटांतली एकच निवडणारा गेटवे) लावला, ते बरोबर, पण पुढे दोन्ही वाटा जोडताना हात प्लसवर, म्हणजे सगळ्या वाटांची वाट बघणाऱ्या गेटवेवर, गेला. प्लस दोन्हीकडची टोकन (ऑर्डर कुठे पोचली ते दाखवणारी खूण) आल्याशिवाय हलत नाही आणि एक्सओआरमधून सुटतं एकच. एरर नाही, काही नाही, भर एप्रिलात ११ ऑर्डरी रात्रभर नुसत्या बसून राहिल्या आणि वाशीचा ट्रक गेला. काकांची वही होती म्हणून सकाळी निस्तरलं.

टायमरला पण जपा, पी१एम म्हणजे महिना आणि पीटी१एम म्हणजे मिनिट, उधारीची आठवण माल उतरायच्या आत गेली की गिऱ्हाईक काय बोलतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चिन्हं ढीगभर आहेत, मी नऊ-दहाच वापरतो. गिऱ्हाइकागणिक दर, चार डझनी की पाच डझनी, हे डायमंडनी दाखवू नका, कोळ्याचं जाळं होतं, त्याला डीएमएनचं (निर्णयाचे नियम तक्त्यात मांडायचं जोडीचं स्टँडर्ड) टेबल बरं.

काका आता प्रिंटवर स्वतःच पेनानी बाण मारून देतात. मागच्या खेपेचा एक अजून मला लागलेला नाही.