वीज आणि ऊन पाणी एकाच पॅनेलमधून : वर्षभराच्या वापरानंतर

कोथरूडमधील आमच्या बंगल्याच्या गच्चीवर टाकी, जिन्याची खोली आणि शेजारच्या इमारतीची सावली वगळली, तर सौर यंत्रणेसाठी फारच थोडी जागा उरते. म्हणून वीज आणि उष्णता दोन्ही देणारी पॅनेल आम्ही निवडली. चौकशी करताना ही मागणी नीट स्पष्ट करावी लागते. अशा पॅनेलना हायब्रीडही म्हणतात, पण नुसते 'हायब्रीड सोलर' म्हटले की विक्रेते बॅटरीवरचा हायब्रीड इन्व्हर्टर दाखवू लागतात.

सिलिकॉनचे पॅनेल उन्हातील सुमारे पाचव्या हिश्श्याचीच वीज करते. उरलेल्या बहुतेक उन्हाची उष्णता होते आणि पॅनेल २५ अंशांच्या वर तापू लागले की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पॅनेल ६० अंशांपर्यंत सहज तापते, म्हणजे ऐन उन्हातच दहा टक्क्यांहून अधिक वीज हातची जाते. आमच्या पॅनेलच्या पाठीमागील नळ्यांतून फिरणारे पाणी ती उष्णता टाकीत नेते. कल्पना मला आजही मोलाची वाटते. मात्र टाकीतले पाणी थंड असेपर्यंतच पॅनेल थंड राहते. उन्हाळ्यात ऊन पाण्याला फारसे कोणी हात लावत नाही, दुपारपर्यंत टाकी तापते आणि नेमक्या गरजेच्या वेळी हा लाभ थांबतो. संध्याकाळच्या आंघोळी आणि भांड्यांसाठी तेच पाणी वापरू लागल्यावर यात थोडा फरक पडला.

हिवाळ्यात मात्र अपेक्षाभंग झाला. वर काचेचे वेगळे आवरण नसलेल्या आमच्या पॅनेलमधून पाणी चाळीस अंशांच्या आसपासच तापते आणि जानेवारीच्या पहाटे ते कोमट उरते. निर्वात नळ्यांच्या सोलर हीटरसारखे कढत पाणी मिळत नाही. गिझर काढून टाकता येईल, असे विक्रेत्याने सांगितले होते. तो आजही लागतो, फक्त कमी वेळ. ज्यांच्याकडे मोठी गच्ची आहे, त्यांनी साधी पॅनेल आणि सोलर हीटर वेगवेगळे बसवावेत, असेच मी सुचवेन.

बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांनी नळ्यांत तेच ते पाणी फिरत राहील आणि टाकीतल्या पाण्याला त्याची फक्त उष्णता मिळेल, अशीच रचना मागावी, नाहीतर क्षार साचून नळ्या चोंदतात. आमच्याकडे पावसाळ्यात एका जोडावर गळती झाली, तेव्हा प्लंबरने इलेक्ट्रिशियनकडे आणि इलेक्ट्रिशियनने प्लंबरकडे बोट दाखवले. दुरुस्तीस तीन आठवडे लागले. दोन्ही कामांची जबाबदारी एकाच कंत्राटदाराकडून आधी लेखी घ्यावी.