चिखलदरा ते कल्याण: आधी लालपरी, मग रात्रीची रेल्वे

बाबा ७९ वर्षांचे आहेत. लग्नानंतर ते आईला घेऊन चिखलदऱ्याला गेले होते. आई गेल्यापासून 'एकदा ते भीमकुंड परत बघायचंय' असं त्यांचं चाललं होतं, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघंच गेलो. तिथं काय पाहिलं ते पुन्हा कधीतरी लिहीन. आज परतीच्या प्रवासाबद्दल लिहितेय, कारण घरात म्हातारं माणूस असलं की सगळ्यात मोठी काळजी प्रवासाचीच असते.

आम्ही उतरलो होतो तिथल्या मॅनेजरने साफ सांगितलं, "यांना घेऊन एसटीने जाऊ नका, मुंबईपर्यंत गाडी करा." भाडं ऐकून मी गप्प झाले, पण भाड्यापेक्षा मला वेगळीच धास्ती होती. १०-१२ तास एकाच सीटवर पाय लोंबकळत बसलं की बाबांच्या पायांना सूज येते. रेल्वेत निदान आडवं तरी होता येतं. म्हणून एसटीने अमरावती आणि तिथून रात्रीची अमरावती-मुंबई एक्सप्रेस, असं ठरवलं.

आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर जाऊन अमरावतीच्या थेट गाड्यांच्या वेळा विचारून आले. हे अगदी जरूर करा, मोबाइलवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. रेल्वे संध्याकाळी सातच्या सुमारास होती, तरी आम्ही दुपारची पहिलीच बस धरली. घाट आहे, हाताशी वेळ असलेला बरा.

बसमध्ये पुढच्या दाराजवळची सीट मिळाली. मागे बसलं की घाटात हाडं खिळखिळी होतात, म्हणून पुढची जागा मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा. कंडक्टर आले आणि म्हणाले, "काकाजी, आधार कार्ड हाये ना?" बाबांनी पाकिटातून कार्ड काढून दिलं. त्यांनी जन्मतारीख नीट पाहिली, मशीनवर बोटं फिरवली आणि करकर करत तिकीट बाहेर आलं. रक्कम शून्य. ७५ वर्षांवरच्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे, हे बाबांना ऐकून माहीत होतं. पण चाळीस वर्षं रोज तिकीट काढून कामावर गेलेल्या माणसाच्या हातात शून्याचं तिकीट पडलं, की तो ते उलटसुलट करून बघतच राहतो. माझं अर्धं तिकीट, महिलांना २०२३ पासून सवलत आहे म्हणून. बाबांनी दोन्ही तिकिटं घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. मोथा गावात फडक्यात बांधलेला खवा घेऊन दोघंजण चढले आणि गाडीभर आटवलेल्या दुधाचा वास पसरला. मागच्या सीटवर कोरकू आदिवासी बायकांच्या त्यांच्या भाषेत गप्पा चालल्या होत्या. एक शब्द कळत नव्हता, पण त्यांचं हसणं ऐकून बाबाही हसत होते. एका अवघड वळणावर समोरून ट्रक आला. ड्रायव्हरने घाई केली नाही, हॉर्न बडवला नाही. कंडक्टर खाली उतरले, मागे जाऊन शिट्टी वाजवत राहिले आणि गाडी हळूहळू मागे घेतली गेली. माझे हात गार पडले होते. बाबा मात्र म्हणाले, "याचा हात बसलेला आहे." अशा घाटात एसटीचा ड्रायव्हर असला की मला खरंच निर्धास्त वाटतं.

तक्रार एकच. वाटेत एका ठिकाणी स्वच्छतागृह इतकं निसरडं होतं की बाबांना धरून न्यावं लागलं. पण कंडक्टरना आधी सांगून ठेवलं होतं, "बाबांना जरा वेळ लागेल." ते थांबले. असं मोकळेपणाने सांगावं, लाजू नये.

परतवाड्यानंतर रस्ता सपाट आहे, बाबा झोपले. शेजारच्या अचलपूरहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला ही नॅरोगेज गाडी धावायची, आता बंद आहे. ती चालू असती तर मी मुद्दाम वेळ काढून तिच्यातूनच आले असते.

अमरावतीत रिक्षाने स्टेशन गाठलं. एक्सप्रेस इथूनच सुटते, त्यामुळे चढताना रेटारेटी नाही आणि सामान लावायला सवड मिळते. म्हाताऱ्या माणसाला मुख्य मार्गावरच्या बडनेरा जंक्शनला नेऊन धावतपळत चढवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तिकीट काढताना मी खालच्या बर्थचा कोटा निवडला होता. पुरुष ६० आणि बाई ४५ वर्षांची असेल, तर दोघांना मिळून तो घेता येतो. मी ४८ची, त्यामुळे दोघांनाही खालचेच बर्थ मिळाले. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे आणि ती परत सुरू व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. एसटी देऊ शकते, तर रेल्वेलाही जमायला हवं.

अकोला यायच्या आत आमचा डबा खाऊन झाला होता, बाबांची गोळी घेऊन झाली होती. भुसावळ, मनमाड मला झोपेतच कळलं. मोबाइलवर गजर लावला होता, तरी समोरच्या बर्थवरच्या ताईंनी आधीच हाक मारली, "कल्याण येतंय हं." अंधारातच उतरलो. बाबांच्या पायांना सूज नव्हती, मी फलाटावरच वाकून बघितलं. पुढची लोकल पकडून डोंबिवली गाठली आणि दूधवाला यायच्या आत घरी चहाचं आधण ठेवलं.