पीजीएल, सात महिने आणि विजेचं बिल

परवा वीजबिलाची शेवटची तारीख होती आणि पैसे भरायचं पान काही उघडेना. राउटर दोनदा बंद-चालू केला. केबलवाल्याला तीन फोन केले, तिसऱ्याला आवाज चढवला. संध्याकाळी त्याचा पोरगा आमच्या रामबागेतल्या घरी आला, स्वतःचा मोबाइल आमच्याच वायफायला जोडला आणि तेच पान उघडून दाखवलं. "अंकल, नेट तो चालू है." बायकोने त्याच्यापुढे पोहे ठेवले, वर जिरावन भुरभुरलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

तो गेल्यावर माझ्या मशीनवरच्या पीजीएलचा (पीअरगार्डियन लिनक्स, यादीतल्या आयपी पत्त्यांशी होणारी जोडणी अडवणारा प्रोग्राम) लॉग, म्हणजे अडवलेल्यांची नोंद, उघडला. आउट, माझ्या मशीनचा पत्ता, समोरचा पत्ता, पोर्ट ४४३ (सुरक्षित वेबपानांचं), दोन उभ्या रेघा आणि पुढे कुठल्याशा होस्टिंगवाल्याचं नाव. सुडो पीजीएलसीएमडी स्टॉप, म्हणजे पीजीएल बंद. पान उघडलं.

आता माझी खरी चिडचिड. पीजीएलच्या यादीतली ओळ म्हणजे नाव, कोलन, सुरुवातीचा पत्ता, डॅश, शेवटचा पत्ता. बस. हा पत्त्यांचा पट्टा कोणी घातला, कधी, कशापायी, काही नाही. किराणावालासुद्धा उधारीपुढे तारीख टाकतो! पत्ते हात बदलतात, यादीतलं नाव तिथेच राहतं. आणि ज्याला आपल्या टॉरेंटमध्ये खरंच डोकवायचंय तो यादीबाहेरच्या पत्त्यावरून येणार, ते वेगळंच.

चूक माझीही. ट्रान्समिशन या माझ्या टॉरेंट-प्रोग्रामची स्वतःची ब्लॉकलिस्ट (अडवायच्या पत्त्यांची यादी) टॉरेंटपुरतीच चालते, पीजीएल आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, बसून अख्ख्या मशीनची झडती घेतं. दोन्ही फुकट, मग जास्त कडक तेच घेऊ, हा माझा हिशोब. व्हाइट_टीसीपी_आउट, म्हणजे झडतीविना बाहेर सोडायच्या पोर्टांची सेटिंग, मुद्दाम रिकामं ठेवलं. पहिले दोन महिने रात्री लॉग बघत बसायचो, प्रत्येक ओळीला एक चोर पकडल्याचा आनंद.

बिलानंतर त्या सेटिंगमध्ये एचटीटीपी, एचटीटीपीएस (वेबपानांची वाहतूक) लिहिलं, रीस्टार्ट केलं, सगळं सुरळीत. इथवर पीजीएलला चार तारे द्यायचं ठरलं होतं.

मग बाबांसाठी आर्काइव्ह डॉट ऑर्गवरचं एक जुनं मराठी पुस्तक टॉरेंटने लावलं. ट्रान्समिशनमध्ये बघतो तर पीअर (फाइल वाटणारा दुसरा वापरकर्ता) एकही नाही, सगळा माल वेब सीडवरून, म्हणजे त्यांच्याच सर्व्हरवरून एचटीटीपीने. म्हणजे ज्या दारातून माझं सामान येतं ते आत्ताच मी सताड उघडलं होतं, आणि सात महिने पाळलेला राखणदार आता उरला होता फक्त मागच्या भिंतीशी. दोन तारे.

पीजीएल काढलं. आता ट्रान्समिशनचीच यादी. ती ताजी करायला ट्रान्समिशन-रिमोट आणि ब्लॉकलिस्ट-अपडेट, एका ओळीत काम. फक्त सेटिंग्ज.जेसन ही त्याची सेटिंगची फाइल बदलण्याआधी डेमन (मागे चालणारा ट्रान्समिशन) बंद करा. चालू असताना बदललंत तर बंद होताना तो स्वतःच्या जुन्या सेटिंग्ज परत लिहून टाकतो. माझी अर्धी रात्र त्यात गेली.

केबलवाल्याला खरं काय झालं ते सांगितलेलं नाही. एक तारखेला पैसे घ्यायला येईल, तेव्हा बायकोला दार उघडायला सांगेन.