क्लब हर्लिंगचं ऑगस्ट ते ऑक्टोबरचं वेळापत्रक: चार मोसमांनंतर माझे पाचपैकी तीन तारे

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या ज्या कौंटीत आम्ही राहतो, तिथल्या हर्लिंगच्या (काठी आणि लहान चेंडूचा आयरिश मैदानी खेळ) क्लब चॅम्पियनशिपचा सीझन पास मी सलग चौथ्या वर्षी घेतला. थोरला मुलगा इंटरमिजिएट (मधल्या दर्जाच्या) संघात खेळतो, त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर आमचे रविवार कौंटी बोर्ड (कौंटीतल्या स्पर्धा चालवणारं मंडळ) ठरवेल तसे जातात. पासचे पैसे वसूल होतात, त्याबद्दल तक्रार नाही. हा रिव्ह्यू सामन्यांच्या तारखा आणि वेळा लावणाऱ्यांच्या कामाचा आहे.

आधी चांगलं सांगते. 2022 पासून जीएएने (हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी आयरिश संघटना) मोसमाचे दोन भाग केले. कौंटी संघांची ऑल-आयर्लंड फायनल जुलैतच उरकते आणि पुढचे महिने क्लबांना मिळतात. पूर्वी ही फायनल सप्टेंबरात व्हायची. ज्या कौंटीचा संघ लांबपर्यंत टिकला, तिथल्या क्लबची पोरं सराव करत नुसती वाट बघायची. आता तारखा आधी हातात पडतात. मुलाने या वर्षी तारखा बघूनच सुट्टी टाकली, हे आमच्या घरात पहिल्यांदा घडलं. आमच्याकडे चार संघांचा गट असतो, म्हणजे प्रत्येकाचे तीन सामने नक्की, आणि तेही बहुतेक सप्टेंबर सरायच्या आत. त्या दिवसांत मैदान टणक असतं, चेंडू उसळतो, ऐंशी मीटरवरून पॉइंट (गोलच्या दांड्यावरून मारलेला गुण) जातो. एक तारा निव्वळ या गट फेरीसाठी.

खरी परीक्षा ऑक्टोबरात. हर्लिंगचं पावसाशी किती वाकडं आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. स्लिटर, म्हणजे हर्लिंगचा चेंडू, आतून बुचाचा, वरून चामड्याचा, वजन साधारण 110 ते 116 ग्रॅम. त्याच्या शिवणीच्या कडा उभ्या असतात, हातात झेलताना बोटं त्यांवरच ठरतात. गेल्या वर्षीच्या एका सामन्यानंतर गोलमागे पडलेला स्लिटर मी उचलला होता. कडांच्या दोन्ही बाजूंना चिखल बसून त्या पार सपाट झाल्या होत्या, आणि चामडं ओल्या साबणासारखं सटकत होतं. असा चेंडू धावता धावता हर्लीवर (खेळायच्या काठीवर) उचलायचा, हातात घ्यायचा आणि अंगावर येणाऱ्या गड्याला चुकवून मारायचा. पोरं ते करतात, पण मग अर्धा सामना चेंडू गवतात रुतलेला आणि भोवती दहा जणांची झोंबाझोंबी असा जातो.

म्हणून माझी मोठी तक्रार क्रमाबद्दल आहे. गटाचे सामने कोरड्या मैदानावर आणि सेमीफायनल-फायनल चिखलात, हे उलटं झालं. अडचण मला माहीत आहे: आमच्यासारख्या क्लबात तीच पोरं एक आठवडा हर्लिंग आणि पुढचा आठवडा गेलिक फुटबॉल खेळतात, आणि जिंकणाऱ्या संघाला नोव्हेंबरात प्रांताच्या स्पर्धेत उतरायचं असतं, त्यामुळे मागे सरकायला जागा नसते. पण दोन खेळांत कोणाला आधी संपवायचं, हे तर ठरवता येतं. फुटबॉलचा चेंडू मोठा, ओल्यातही तो निभावून जातो. हर्लिंग सलग खेळवून फायनल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घ्या आणि फुटबॉल मागे ठेवा. एवढं केलं तर मी चौथा तारा आनंदाने देईन.

वादळाच्या बाबतीत मात्र बोर्डाचं काम चोख आहे. 2024 मध्ये अ‍ॅश्ली वादळ 20 ऑक्टोबरला, नेमकं रविवारी आलं. मेट एरनचा (आयर्लंडच्या हवामान खात्याचा) नारिंगी इशारा लागला, आणि आमचा सामना पुढे गेल्याचा निरोप शनिवारीच फोनवर होता. कोणाचीही धावपळ झाली नाही. दुसरा तारा त्याचा.

त्रास होतो तो बिननावाच्या पावसाचा. ना वादळ, ना इशारा, नुसती तीन दिवसांची रिपरिप. वारा नसतो, रस्ते चालू असतात, पण गोलसमोरची जमीन खलास झालेली असते. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी रेफरी मैदान बघायला आला तेव्हा आमची बस अर्ध्या वाटेवर होती. मी गाडीने आधी पोचले होते, म्हणून बघायला मिळालं. त्याने खांद्याच्या उंचीवरून स्लिटर सोडला. चेंडू जिथे पडला तिथेच राहिला. मग त्याने टाच दाबली, तर बुटाच्या भोवती पाणी वर आलं. त्याने खेळ नाकारला ते योग्यच केलं, भिजलेल्या जमिनीत पाय अडकून गुडघा जातो. पण तेव्हा पावणेबारा वाजले होते. हीच पाहणी नऊला झाली असती तर बस निघालीच नसती. नवी तारीख बुधवार रात्रीची, दिव्यांखाली, आणि आमची तीन पोरं शिकायला डब्लिनला. एक जण लेक्चर सोडून आला, दोघं आलेच नाहीत. आम्ही चार पॉइंटने हरलो, आणि ते अजून सलतं.

दोन साध्या गोष्टी मी बोर्डाला लेखी कळवल्या आहेत. पाहणी सकाळी नऊला, आणि प्रत्येक नॉकआउट सामन्यासोबत वाळूच्या थराचं, पाणी लवकर निचरणारं एक राखीव मैदान आधीच जाहीर करायचं. अजून उत्तर आलेलं नाही.

वेळेबद्दल मात्र सुधारणा दिसली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि आमच्याकडे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेतीनच्या थ्रो-इनला (सामन्याच्या सुरुवातीला) साठ मिनिटांचा खेळ, मधली विश्रांती, दुखापतींचा वेळ धरला की पाच वाजायला येतात. बरोबरी झाली तर वर एक्स्ट्रा टाइम. संधिप्रकाशात ताशी शंभर किलोमीटरच्या वर येणारा चेंडू गोलकीपरने बघायचा कसा? हेल्मेट सक्तीचं असलं तरी चेंडू दिसावा लागतोच. यंदा घड्याळ बदलल्यानंतरचे सगळे सामने दीडला लावले आहेत. तिसरा तारा त्याचा.

पहिल्यांदा जाणार असाल तर सकाळी निघण्याआधी क्लबचं पान बघा, बोर्डाचं नव्हे. क्लबवाले आधी टाकतात. छत्री नेऊ नका, मागच्यांना काही दिसत नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट न्या. आमचा सामना येत्या रविवारी दीडला आहे आणि शुक्रवारपासून पाऊस सांगितलाय. मैदान सांभाळणारे काका आज सकाळीच गोलसमोर काटा घेऊन जमिनीला भोकं पाडत होते.